वहीचा क्रम

आदिलाबादच्या कॉलेजात दर रविवारी सकाळी मुक्त विद्यापीठाचे वर्ग भरायचे. भरायचे म्हणजे शिपाई खोली उघडायचा, फळा पुसायचा आणि मोतीरामसर इतिहास शिकवायला उभे राहायचे. यादीत चाळीस नावं, समोर कधी तीन जण, कधी चार. त्यांतलाही एखादा बाजाराला आलेला असायचा आणि पिशवी बाकाखाली सरकवून बसायचा. तास संपला की सर विचारायचे, "कोणाला काही विचारायचं आहे?" सगळे मूग गिळून बसायचे. मग सरच आपल्या प्रश्नाला आपणच उत्तर देऊन खडूचे हात झटकत घरी जायचे.

हे अठ्ठ्याऐंशी साल. मोतीरामसर तेव्हा पस्तिशीचे होते. आठवडाभर ज्युनियर कॉलेजात नोकरी आणि रविवारी हे जादा काम. बाप धोंडीबा जन्मभर आपल्या गावच्या पाटलाकडे सालानं राबला आणि त्याचा पोरगा लेक्चरर झाला, याचा सरांना अभिमान होता, आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही. पण वर्गातली ही मुकी तोंडं पाहिली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आपण इथवर आलो ते प्रश्न विचारून, असं त्यांचं मत. न विचारणारा माणूस शिकत नाही, नुसता पास होतो, असं ते बायकोलाही ऐकवायचे. ती बिचारी भाकऱ्या थापत हूं म्हणायची.

न बोलण्याचं कारण त्यांना हळूहळू कळलं. भीमपूरकडच्या गावांतली पोरं घरात मराठी बोलायची, पुस्तकं तेलुगूत यायची, आणि शहरात आल्यावर आपली भाषा काढली तर कोणी हसेल म्हणून तोंडाला कुलूप लावून बसायची. शिवाय गाडीचं भाडं घालून दर रविवारी येणार कोण? तेव्हा सरांनी एक शक्कल लढवली. दोनशे पानांची जाड पुठ्ठ्याची वही आणली, पहिल्या पानावर नऊ जणांची नावं आणि गावं क्रमानं लिहिली आणि सोमवारी सकाळी ती भीमपूरकडे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात ठेवली.

कंडक्टर फकिरा हा मोठ्या दिलाचा माणूस. "सर, माह्या पोराले दहावीत इतिहासाचं सांगजा, वही तुमची मी डोक्यावर नेतो," म्हणाला आणि तिकिटांच्या पेटीखाली वही सरकवली.

नियम सोपा होता. ज्याच्या हाती वही येईल त्यानं फार तर एक रात्र ठेवायची, गावं जवळ असली तर त्याच दिवशी पुढं द्यायची, मराठीत एक प्रश्न लिहायचा, आधीच्यांपैकी एकाला तरी उत्तर द्यायचं आणि ठरलेल्या क्रमानं पुढं द्यायची. शनिवारी वही सरांकडे परत. सर लाल शाईनं सगळ्यांना उत्तरं लिहायचे आणि सोमवारी वही पुन्हा गाडीत.

पहिले दोन आठवडे नुसते "नमस्कार सर" आले. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी भांडण काढलं आणि मग वहीला जीव आला. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं खाली खोडायचं, तिसऱ्यानं समासात चिमटा काढायचा. आवडलेल्या ओळीपुढं बरोबरची खूण करायची टूम निघाली, आणि कोणाला किती खुणा मिळाल्या हे जो तो आल्या आल्या मोजू लागला. दसऱ्यापर्यंत रविवारच्या वर्गालाही अकरा-बारा डोकी दिसू लागली. वहीतल्या अर्ध्या राहिलेल्या भांडणावर सरांनी काय लिहिलं ते पाहायला ती यायची. बोलायची मात्र वहीतच. वर्गात अजूनही सगळी गप्प.

सगळ्यांत जास्त खुणा चंद्रभागाच्या नावापुढं असायच्या. ही खरबडीची. तेवीस वर्षांची, वस्तीतल्या बालवाडीत पोरं सांभाळायची. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली आणि त्याच साली तिची आई ताराबाई लकव्यानं अंथरुणाला खिळली. आईला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागे. सकाळी शहरात गेलेली गाडी संध्याकाळी परतायची, त्यामुळे रविवारचा वर्ग तिच्या नशिबी नव्हताच. ती फक्त परीक्षेला यायची. बी.ए. झाली तर पुढं शिकून शाळेत कायमची लागता येईल, या एका आशेवर ती तगून होती, आणि त्या आशेला खाली टेकू होता तो या वहीचा. वही हाच तिचा वर्ग होता. हे सरांना माहीत होतं आणि म्हणून वही चुकता कामा नये, याची त्यांना फार काळजी.

काय एकेक प्रश्न विचारायची ती! एकदा लिहिलं, "वेठ बंद झाल्याचा हुकूम निघाला, असं पुस्तकात आहे. तो हुकूम खरबडीत कोणत्या दिवशी पोहोचला?" खाली त्याच गावच्या सुधाकररावांनी लिहिलं होतं, "घरी विचारून सांगतो." आणि पुढच्या आठवड्यात खरंच लिहिलं, "आमच्या घरी माझ्या लहानपणापर्यंत चालू होती. मला आठवते." त्या ओळीपुढं आठ खुणा आल्या. सरांनी त्या दिवशी बायकोला ते पान वाचून दाखवलं आणि मध्येच पाणी मागितलं.

सुधाकरराव म्हणजे खरबडीच्या पाटलाचे चिरंजीव. तिशी उलटलेली, कपाशी आणि ज्वारीचं मोठं शेत, दोन लेकरांचे बाप. बाप माणिकराव गेल्यापासून घरात आई बयनाबाईचा शब्द चाले. कॉलेज अर्ध्यात सुटलं, ते हौसेनं पुरं करत होते. माणूस भिडस्त, अक्षर मोत्यासारखं. वहीच्या क्रमात चंद्रभागा चौथी आणि सुधाकरराव पाचवे. ती मंगळवारी संध्याकाळी गाडीवर जाऊन वही घ्यायची, बुधवारी सकाळी पाटलाच्या ओट्यावर ठेवून बालवाडीला जायची. गाडीचा थांबा पाटलाच्या घरासमोरच, तेव्हा गुरुवारी सुधाकरराव ती फकिराला द्यायचे.

एक गोष्ट मात्र सरांना खटकायची. वही ओली होऊन यायची. पावसाळाभर त्यांनी ते पावसावर ढकललं, गाडीचं टप गळत असेल म्हटलं. दिवाळी झाली, आभाळ निरभ्र झालं, तरी पानांच्या कडा फुगलेल्याच. बाकीचे बॉलपेननं लिहायचे, त्यांचं काही बिघडायचं नाही. चंद्रभागा शाईच्या पेननं लिहायची, तिच्या ओळींची टोकं विरघळून जायची. प्रश्नाची सुरुवात दिसायची तर शेवट निळा डाग झालेला.

सर चिडले. शिक्षकाची चीड ती, लगेच लाल शाईत उतरते. त्यांनी तिच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "चंद्रभागा, वही ओल्या हातांनी धरू नये. वही सगळ्यांची आहे. स्वच्छता पाळावी." आणि वही सोमवारी गाडीत दिली. ते वाक्य नऊ घरांतून फिरून आलं.

पुढच्या आठवड्यात चंद्रभागानं पेन्सिलनं लिहिलं. अक्षर पुसट, पण शेवटपर्यंत शाबूत. सरांनी त्यावरही लिहिलं, "पेन्सिल वापरू नये. हे काय पहिलीचं पोर आहे?" त्यानंतर तिचे प्रश्न आखडले. चार ओळींच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. सर मनात म्हणाले, रुसली वाटतं. पण त्यांना चैन पडेना. परीक्षा एप्रिलात, आणि जिच्यासाठी वही जपायची तीच वहीतून सरकत चाललेली. डिसेंबरात एका बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि सकाळची गाडी पकडून खरबडीला उतरले.

समोरच पाटलाचं घर. ओट्याच्या कडेला वही ठेवलेली होती. वस्तीकडे वळणाऱ्या वाटेवर चंद्रभागाची पाठ दिसत होती. सर हाक मारणार इतक्यात घरातून बयनाबाई बाहेर आल्या. हातात तांब्या. म्हातारीनं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तुळशीला घालावं तितक्या शांतपणानं वहीवर शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग तांब्या घेऊन आत गेल्या. मागोमाग सुधाकरराव आले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं वही पुसू लागले आणि पुसता पुसता त्यांची नजर रस्त्याकडे गेली.

पाण्याचं मोतीरामसरांना नवल नव्हतं. त्यांच्या बापानं उचलून ठेवलेल्या कडब्याच्या पेंढीवर असंच पाणी पडताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. नवल स्वतःचं वाटलं. इतिहास शिकवतो, वस्तीतच वाढलो, आणि आपल्याला हे सुचू नये? बी.ए.ची वही आहे, हिच्यावर कोण कशाला पाणी टाकेल, असं धरून चाललो. आणि वर त्या पोरीला लिहिलं काय, तर स्वच्छता पाळावी. तेही नऊ जणांसमोर.

सुधाकरराव धावतच खाली आले. लिंबाखालच्या बाजेवर सरांना बसवलं, चहा सांगितला आणि मान खाली घालून उभे राहिले.

"सर, मले माफ करा. मायची सवय हाय थे. आता या वयात काय सांगू तिले?"

"तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"होतं."

"मी तिला लाल शाईनं लिहिलं, ते तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"मग खाली एक ओळ लिहायची होती, सुधाकरराव."

सुधाकररावांनी हातातला दुपट्टा पिळला. "वही घरात असते सर. बायको वाचते, पोरं मायले वाचून दाखवतात. घरात तमाशा झाला असता. वहीच बंद करा म्हनली असती म्हातारी." मग ते म्हणाले, "एक करता येईल. क्रम बदला. वही आधी माह्याकडे येऊ द्या, मंग चंद्रभागाकडे. माह्या घरातून बाहेर जाताना कोनी पानी टाकत नाही."

सरांच्या मनात हिशोब चालला होता. आवाज उठवावा तर पाटलाच्या घरून वही बंद होणार, गाडीचा थांबा त्यांच्याच दारात, उद्या गावात तेढ वाढली तर चंद्रभागाला गाडीवर येणंही कठीण. आठ जण बाजूला राहू द्या, तिची बी.ए. जाईल. आणि नुसता क्रम बदलला तर? वही कोरडी राहील, तिची अक्षरं शाबूत राहतील, कोणाला काही कळणार नाही. चहा आला. सरांनी दोन घोटांत संपवला आणि म्हणाले, "बदलू."

परतीच्या गाडीत ते स्वतःवर खूश होते, हेही सांगितलं पाहिजे. साप मेला आणि काठीही शाबूत राहिली, असं वाटत होतं त्यांना. वस्तीत जाऊन चंद्रभागाला भेटायचं मात्र त्यांनी टाळलं. पुढच्या सोमवारी पहिल्या पानावर चारचा पाच आणि पाचचा चार केला, लाल शाईनंच, आणि कारणात लिहिलं, "सोयीसाठी."

सोय झाली खरी. वही कोरडी खडखडीत येऊ लागली. सुधाकररावांचा गडी बुधवारी संध्याकाळी ती वस्तीत टाकून यायचा. पण पाचव्या क्रमांकावर आता एकच शब्द असायचा. "वाचलं." खाली सही. पहिल्या आठवड्यात सरांना वाटलं, आई जास्त आजारी असेल. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा "वाचलं." तिसऱ्या, चौथ्या आठवड्यातही तेच. सरांनी लाल शाईत विचारलं, "प्रश्न का नाहीत?" त्याच्या खालीही उत्तर आलं, "वाचलं."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी वर्गात तेरा जण होते. सर शिकवून थांबले आणि सवयीनं म्हणाले, "कोणाला काही विचारायचं आहे?" म्हणता म्हणता ते डस्टर उचलू लागले होते.

"मले विचारायचं हाय," शेवटच्या बाकावरून आवाज आला.

त्या खोलीत एखाद्या विद्यार्थ्यानं उभं राहून बोलायची ती पहिलीच वेळ. चंद्रभागा होती. कधी येऊन बसली कोणास ठाऊक. सगळे वळून पाहू लागले. दुसऱ्या बाकावरचे सुधाकरराव मात्र वळले नाहीत.

"शेजारच्या मथुराबाईले मायजवळ बसवून आली," ती म्हणाली. "संध्याकाळच्या गाडीची वाट नाही पाहत. दुपारी जीप भेटते, तिनं जातो. म्हून लवकर इचारतो. वहीचा क्रम काऊन बदलला?"

"सोयीसाठी," सर म्हणाले.

"कोनाच्या?"

सर डस्टर घेऊन फळ्याकडे वळले.

"बयनाबाई पानी टाकते हे मले पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय सर," चंद्रभागा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी वळून पाहत नव्हती, एवढंच. थे तिचं हाय, तिच्या मायनं तिले शिकवलं. त्याचं मले नवं काय वाटन? पेन्सिल म्हून तर घेतली मी. अक्षर वाचलं पायजे, बस. तुमी लिहिलं, स्वच्छता पाळ. म्या म्हनलं, सरले मालूम नाही. मालूम झालं की खोडतीन. मंग तुमी गावात येऊन गेले, फकिराभाऊनं सांगतलं. तुमाले मालूम झालं. आन मालूम झाल्यावर तुमी काय केलं? पानी टाकाची गरजच ठेवली नाही. बयनाबाईचं काम तुमीच करून टाकलं."

मोतीरामसरांना अपमान वाटायला हवा होता, पण वाटत होती ती लाज, आणि ती इतकी उघडी होती की तोंड कुठं लपवावं ते कळेना.

"वही आता मले नका पाठवू," ती म्हणाली. "परीक्षेले येईन. पास झाली त झाली." आणि पदर सावरत निघून गेली.

सर त्या रविवारी जेवले नाहीत. वही पुढं घेऊन बसले. आधी तिच्या पानावरचं "स्वच्छता पाळावी" शोधून काढलं आणि त्याखाली लिहिलं, "हे मी चुकीचं लिहिलं. वही चंद्रभागाच्या हातानं ओली झाली नव्हती. ती एका घरात पाणी शिंपडल्यानं ओली होत होती, कारण ती आमच्यासारख्यांच्या वस्तीतून आलेली होती. हे कळल्यावर मी क्रम बदलला. तो बदल त्याहून चुकीचा. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागतो." मग पहिल्या पानावर पुन्हा चारला चार आणि पाचला पाच केलं. वही मंगळवारपर्यंत फकिराकडून पहिल्या तिघांत फिरली, आणि मंगळवारी संध्याकाळी भीमपुरात ओळखीच्याकडे मुक्काम करून सरांनी ती पुढं आपल्या हातात घेतली. बुधवारी सकाळी ते खरबडीला चंद्रभागाच्या दारात उभे राहिले.

ताराबाई खाटेवर पडून दाराकडे पाहत होती. चंद्रभागानं वही घेतली, उंबऱ्यातच उभी राहून लाल मजकूर वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. आत जाऊन पेन आणलं आणि खाली बसून अर्धं पान लिहिलं. काय लिहिलं ते सरांनी पाहिलं नाही.

"द्या, मी नेऊन देतो पाटलाकडे," सर म्हणाले.

"नाही. माह्या नंतर त्याइचं पान हाय. मीच देतो. पन ओट्यावर नाही ठेवत."

ती पुढं, सर मागं. वाटेत लोकांनी पाहिलं, कोणी दार लावलं, कोणी उघडलं. पाटलाच्या घरी सुधाकरराव बैठकीत होते, सरांना पाहून बाहेर आले. सर ओट्याजवळ येऊन थांबले. चंद्रभागा थांबली नाही. तीन पायऱ्या चढून ती ओट्यावर गेली आणि दोन्ही हातांत वही धरून सुधाकररावांसमोर उभी राहिली.

"हातात घ्या," ती म्हणाली.

बयनाबाई दारात आल्या होत्या. हातात तांब्या होताच. सुधाकररावांनी आईकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मोठा शूर माणूस नव्हता तो, त्या क्षणीही झाला नाही. हात पुढं आले ते अडखळतच आले. पण आले. त्यांनी वही घेतली आणि छातीशी धरली.

म्हातारी पुढं झाली, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि आपल्या पोटच्या पोरावर शिंपडलं. डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर. वहीवर थेंब पडू नये म्हणून सुधाकरराव पाठमोरे झाले आणि तसेच उभे राहिले. पाणी केसांतून मानेवर उतरत होतं. आतून त्यांची धाकटी मुलगी हे सगळं पाहत होती. मग ते ओल्या अंगानंच ओट्यावर बसले, वही मांडीवर घेतली आणि पान उलटलं. पुढं बयनाबाई होत्या तोवर दर बुधवारी हे असंच चालू राहिलं. वही कोरडी राहिली, सुधाकरराव भिजत राहिले, आणि चंद्रभागा दर बुधवारी ओट्यावर चढत राहिली. ती एप्रिलात पास झाली आणि पुढच्या वर्षी बी.ए.सुद्धा झाली.

पण त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. थांब्यावर गाडीची वाट पाहत दोघं उभे होते. सरांना हायसं वाटत होतं.

"जिंकलीस तू," ते म्हणाले.

"काय जिंकलं सर? पानी त पडलंच. वहीवर नाही, मानसावर पडलं." ती ओट्याकडे पाहत होती. मग सरांकडे वळली. "एक इचारू?"

त्या रविवारनंतर हा शब्द तिच्या तोंडी पुन्हा येईल, असं सरांना वाटलं नव्हतं. सरांना इतका आनंद झाला की ते पटकन म्हणाले, "विचार, विचार."

"मी वर गेली. तुमी खालीच काऊन उभे राह्यले?"

सरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. खरंच की. ती वर चढली तेव्हा ते पायरीपाशी थांबले होते. सुधाकररावांवर पाणी पडत होतं, तेव्हाही ते खालीच होते. कोणी अडवलं नव्हतं. अठरा वर्षं शिकले, दहा वर्षं शिकवलं, आणि पाय आपोआप जिथं थांबायचे तिथं थांबले. हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

गाडी वळणावर दिसू लागली होती.

"इथं सांगता, का वहीत लिहू?" चंद्रभागानं विचारलं. टोमणा नव्हता तिच्या आवाजात, खरंच विचारत होती.

"वहीत लिही," सर म्हणाले.

पुढच्या आठवड्यातली फेरी संपवून शनिवारी वही आली. चौथ्या क्रमांकावर तिचा प्रश्न होता, निळ्या शाईत, ओळीच्या टोकापर्यंत स्वच्छ. खाली सुधाकररावांनी एकही शब्द लिहिला नव्हता. पुढच्या चौघांनीही नाही. सगळ्यांनी जागा सोडली होती, लाल शाईसाठी. बापाबद्दल लिहावं, काळाबद्दल लिहावं, सवयीबद्दल लिहावं, असं काय काय मोतीरामसरांच्या मनात आलं, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. शेवटी त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिच्या प्रश्नाखाली लिहिलं, "भीती वाटली म्हणून." मग वही मिटली आणि सोमवारी सकाळी फकिराच्या हातात दिली.